जुन्या आय५ प्रोसेसरवर नवीन ग्राफिक्स कार्ड घातलं तर पैसे वाया जातील का?

भावा, तुझा प्रश्न थोडक्यात असा. इचलकरंजीत राहतोस, डिप्लोमाला आहेस. घरात २०१७ चा पीसी आहे: आय५-७५००, बी२५० चा बोर्ड, ८ जीबी रॅमची एकच स्टिक आणि जीटीएक्स १०५० टीआय हे ग्राफिक्स कार्ड. मॉनिटर साधा १०८०पी, ६० हर्ट्झचा. कार्डासाठी ३०,००० रुपये साठवलेस. कोल्हापुरातला दुकानदार म्हणाला, "बॉटलनेक होईल, सगळी सिस्टीमच बदल." वर बॉटलनेक कॅल्क्युलेटर म्हणवणाऱ्या एका वेबसाइटनं चाळीस टक्क्यांच्या पुढचा आकडा दाखवला. आता कार्ड घेऊ की नको, असं विचारतोयस.

घे. पण या आठवड्यात नको. आधी एका रविवारी तासभर बसून तुझा प्रोसेसर किती पळतो ते मोज. त्यासाठी नवीन काही विकत घ्यायला लागत नाही, तुझं जुनं १०५० टीआयच ते काम करतं. कसं ते सांगतो, पण त्याआधी बॉटलनेक म्हणजे नक्की काय होतं ते समजून घे. हा शब्द ऐकून घाबरलेली बरीच पोरं मी बघितली आहेत, आणि भीतीपोटी त्यांनी नको तिथं पैसे घातलेत.

गुऱ्हाळावर कधी गेला असशीलच. घाण्यातून उसाचा रस येतो आणि काहिलीत तो आटतो. घाणा बारका असेल तर काहील कितीही मोठी आणा, ती रसाची वाट बघत बसणार. यालाच बॉटलनेक म्हणतात. गेममध्ये घाणा म्हणजे प्रोसेसर आणि काहील म्हणजे ग्राफिक्स कार्ड. प्रत्येक फ्रेमसाठी, म्हणजे एकेका चित्रासाठी, कोण कुठं चाललंय, गोळी कुणाला लागली, गाडी कशी वळली, पडद्यावर कायकाय काढायचं, हे सगळं तो ठरवतो आणि कार्डाला यादी देतो. मग कार्ड चित्र रंगवतं. ६० एफपीएस, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम, पाहिजे असतील तर एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. प्रोसेसरलाच यादी करायला २० मिलिसेकंद लागत असतील तर ५० एफपीएसच्या पुढं गाडी जाणार नाही, मग कार्ड तीस हजारांचं असो की दीड लाखाचं.

रिझोल्युशन, म्हणजे चित्रातले ठिपके, वाढवलं तर भार काहिलीवर येतो, घाण्यावर जवळजवळ नाही. रस तेवढाच, आटवायचं जास्त. म्हणून तोच प्रोसेसर, तेच कार्ड, १०८०पी ला "बॉटलनेक" आणि १४४०पी ला ठणठणीत, असं होतं. व्हॅलोरंटमध्ये प्रोसेसर आधी दमतो, रेड डेड रिडेम्प्शन २ मध्ये बहुतेक वेळा कार्ड. त्या कॅल्क्युलेटरला तू कुठला गेम, कुठल्या सेटिंगवर, शहराच्या गर्दीत खेळतोस की माळावर, यातलं काही माहीत नसतं. मग त्याच्या टक्क्याला अर्थ तरी काय राहिला?

आता मोजायचं कसं ते बघ. एमएसआय आफ्टरबर्नर हे मोजायचं सॉफ्टवेअर आणि त्याच्याबरोबर येणारं रिव्हाट्यूनर टाक. गेम चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यात एफपीएस, फ्रेमटाइमची (एका फ्रेमला लागलेल्या वेळेची) रेघ, कार्डाचा वापर आणि प्रोसेसरच्या चारही कोरचा (आतल्या एकेका कामगाराचा) वेगवेगळा वापर दिसेल असं लाव. टास्क मॅनेजरमधल्या एकूण टक्क्यावर जाऊ नकोस. गेमचा मुख्य धागा एका कोरवर शंभर टक्के अडकलेला असतो, बाकीचे कोर निवांत असतात आणि सरासरी साठ-पासष्ट दिसते. माणूस म्हणतो, प्रोसेसर तर मोकळा आहे!

मग गेमचं रिझोल्युशन ७२०पी कर, टेक्श्चर, सावल्या, रिफ्लेक्शन सगळं खाली आण. म्हणजे कार्डावर काही भारच उरत नाही. फक्त गर्दीची सेटिंग खाली आणू नकोस. जीटीए ५ मध्ये तिला पॉप्युलेशन डेन्सिटी म्हणतात, सायबरपंकमध्ये क्राउड डेन्सिटी. ती प्रोसेसरवर बसते, तेव्हा तुला पुढं जशी ठेवायची आहे तशीच ठेव. आणि गेममधल्या सगळ्यात गजबजलेल्या ठिकाणी दहा मिनिटं फिर. कार्डाचा वापर नव्वदच्या खाली घसरला आणि एफपीएस ५२ वर अडकले, तर तो तुझ्या प्रोसेसरचा त्या गेममधला शेवटचा आकडा. नवीन कार्ड तुला १०८०पी वर, सगळं हायवर, त्या ५२ पर्यंत नेईल. त्याच्या पुढं नेणार नाही. हा आकडा हातात आला की निम्मा प्रश्न सुटला. तुझा मॉनिटर ६० हर्ट्झचाच आहे, त्यामुळं ५५-६० मिळाले तरी तुझं काम झालं.

मी हे आधी न मोजता फसलोय. मी उद्यमनगरात सीएनसी मशीनवर काम करतो, पीसी जोडणं हा बाजूचा नाद. घरचा पीसी २०१८ चा: रायझेन ५ १६००, बी३५० चा बोर्ड. २०२३ मध्ये भाच्यासाठी त्यात आरएक्स ६६०० घातलं. पहिल्याच रात्री सायबरपंक लावला. शहराबाहेर रस्त्यावर एकदम झकास, आणि बाजारात शिरलं की ४३-४४ एफपीएस. कार्डाचा वापर साठ टक्के. भाच्याचं तोंड उतरलं. सेटिंग लो केली तरी आकडा जागचा हलला नाही, तेव्हा माझ्या ध्यानात आलं की हे कार्डाचं दुखणंच नाही. दोन महिन्यांनी त्याच बोर्डावर रायझेन ५ ५६०० बसवला. त्याच बाजारात त्याच कार्डानं साठ पार केले. दोन्हीत कोर तेवढेच, सहा. पण नव्याचा एकेक कोर जुन्यापेक्षा फार चपळ, आणि गेमला तेच पाहिजे असतं.

एएम४ वाल्यांचं, म्हणजे माझ्यासारख्या रायझेनच्या सॉकेटवाल्यांचं, हे नशीब चांगलं आहे, २०१७-१८ च्या बऱ्याच बोर्डांवरही बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून ५००० मालिकेचा प्रोसेसर बसतो. ज्यांच्याकडे जुना रायझेन आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी इथंच सांगून ठेवतो. जुना प्रोसेसर आत असतानाच बायोस अपडेट करा, आणि ते करताना पीसी यूपीएसवर असू दे. मी जुलैत केलं, बाहेर पावसाची झड लागलेली, लाईट दिवसातून तीनदा जात होती. वर्कशॉपमधला यूपीएस घरी आणला आणि मगच फाइल लोड केली. अपडेट अर्ध्यात तुटला तर बोर्ड उठेलच याची खात्री नाही.

दुसरी गोष्ट कूलरची. मी स्क्रू काढले आणि कूलर सरळ वर ओढला. पाच वर्षांची पेस्ट वाळून चुन्यासारखी घट्ट झालेली. प्रोसेसर सॉकेटमधून उपटून कूलरला चिकटूनच वर आला. उलटा करून टॉर्च मारली तर कोपऱ्यातल्या दोन पिना आडव्या. खटक्याच्या पेन्सिलीचं शिसं काढून तिच्या नळीचं टोक एकेका पिनेवर घातलं आणि श्वास रोखून सरळ केल्या. तुम्ही ही वेळ आणू नका. आधी पीसी पंधरा मिनिटं चालवून पेस्ट गरम होऊ द्या, मग बंद करून वायर काढा, कूलर थोडा डावीकडे-उजवीकडे फिरवत सैल करा, आणि मगच उचला. भावा, तुझ्या इंटेलला पिना बोर्डात असतात आणि वरून पत्र्याची पकड असते, त्यामुळं उपटायची भीती नाही. पण सॉकेट उघडं असताना त्यात काही पडू देऊ नकोस.

आता तुझ्या आय५-७५०० कडं वळू. चार कोर, चार थ्रेड, म्हणजे एका वेळी चारच कामं. २०१७ ला ते पुरेसं होतं. आज सायबरपंकच्या २.० नंतरच्या किमान अपेक्षाच आय७-६७०० आणि १२ जीबी रॅम अशा आहेत, आणि गेम एसएसडीवर पाहिजे. म्हणजे तू दोन्हीकडून खाली आहेस. गेम चालेल, पण गर्दीत चारही कोर शंभरला टेकतील आणि मधेमधे हिसके बसतील. सरासरी एफपीएस चांगले दिसूनही खेळताना अडखळतं ते यामुळंच. म्हणून एफपीएसच्या आकड्यापेक्षा फ्रेमटाइमच्या रेघेवर नजर ठेव, ती करवतीसारखी दिसायला लागली की समज. त्यावर एक फुकटचा इलाज आहे. रिव्हाट्यूनरमधून एफपीएस ५० ला बांध, ब्राउझर आणि डिस्कॉर्ड बंद कर. प्रोसेसरला श्वास घ्यायला जागा मिळते आणि हिसके बरेच कमी होतात.

रॅम मात्र कार्डाच्याही आधी. ८ जीबीची दुसरी स्टिक, त्याच स्पीडची, टाक. १६ जीबी होते आणि दोन स्टिक असल्यानं ड्युअल चॅनेल चालू होतो, म्हणजे दोन्ही स्टिक एकाच वेळी वापरल्या जातात. तुझ्यासारख्या प्रोसेसरला त्याचा थेट फायदा होतो.

कुणीतरी तुला सेकंडहँड आय५-८४०० गळ्यात मारायला येईल. सॉकेटचं नाव तेच, एलजीए ११५१, आणि बसतोही. पण बी२५० वर तो चालत नाही, त्याला ३०० मालिकेचा बोर्ड लागतो. तुझ्या बोर्डावर वरची पायरी म्हणजे आय७-७७००, चार कोर आठ थ्रेड. स्वस्तात मिळाला तर घे, हिसके नक्की कमी होतील. पण त्याचा विकणारा जास्त भाव सांगत असेल तर मी तरी घेणार नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत सातव्या पिढीचे हे प्रोसेसर नाहीत. त्या पैशात पुढच्या बोर्ड-प्रोसेसरची सुरुवात होईल. आय५-१२४००एफ आणि डीडीआर४ चा बोर्ड, किंवा रायझेन ५ ५६००, यातलं काही वर्षभरानं घेतलंस तर तुझी रॅमही तिकडं चालेल आणि कार्डही.

म्हणूनच कार्ड घेताना आजच्या प्रोसेसरकडं बघून बारकं घेऊ नकोस. कार्ड तुझ्याबरोबर पुढच्या पीसीत जाणार आहे. दुकानदार सगळं एकदम बदल म्हणाला त्यात त्याचा धंदा आहे, त्याला मी वाईट म्हणणार नाही. पण तुझ्याकडं तीसच हजार आहेत आणि ते तू साठवलेले आहेत.

तुझा बोर्ड पीसीआयई ३.० चा (कार्ड बसतं त्या स्लॉटची पिढी), आणि नवीन कार्डांत कुणाला किती लेन (डेटा जायचे रस्ते) आहेत याला इथं महत्त्व आहे. आरएक्स ६५०० एक्सटी घेऊच नकोस. त्याला फक्त चार लेन आणि ४ जीबी मेमरी, ३.० च्या बोर्डावर ते फार मार खातं. आरएक्स ६६०० आणि आरटीएक्स ४०६० ला आठ लेन आहेत, तुझ्याकडं किंचित फटका बसेल, पण टेक्श्चर ८ जीबीच्या आत ठेवलेस तर जाणवणार नाही. आरएक्स ९०६० एक्सटी ला पूर्ण सोळा लेन आहेत, बजेटात बसलं तर तुझ्या बोर्डाला तेच जास्त मानवेल. शिवाय एनव्हिडियाचा ड्रायव्हर जुन्या प्रोसेसरवर थोडा जास्त भार टाकतो, आणि घाणा बारका असताना ते परवडत नाही. इंटेलचं आर्क बी५८० कागदावर छान दिसतं, पण त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो, तो तुझ्या बोर्डात मिळायची आशा धरू नकोस, आणि जुन्या प्रोसेसरवर ते स्वतःच गळपटतं.

डीएलएसएस किंवा एफएसआर लावलं की सगळं सुटेल, असंही कुणी सांगेल. ती काहिलीची सोय आहे. आतलं रिझोल्युशन कमी करून कार्डाचा भार हलका करते. जिथं प्रोसेसर अडलाय तिथं एक फ्रेमही वाढत नाही. रे ट्रेसिंग (खऱ्यासारखा प्रकाश-सावल्या काढायची सोय) बंदच ठेव, ते प्रोसेसरवरही काम टाकतं. फ्रेम जनरेशन (मधल्या फ्रेम कार्डानंच बनवून घालणं) आकडा वाढवतं हे खरं, पण ४० वरून केलेल्या ७० ला हाताखाली ४० चाच जडपणा लागतो.

शेवटचं, आणि हे टाळू नकोस: पॉवर सप्लाय. तुझं १०५० टीआय बहुतेक स्लॉटमधूनच वीज घेतं, आणि स्लॉट ७५ वॉटच्या पुढं देत नाही. आरटीएक्स ४०६० ला ११५ वॉट लागतात, ९०६० एक्सटी ला १५०-१६०. त्यासाठी सप्लायमधून आलेली आठ पिनांची वायर पाहिजे. कॅबिनेटबरोबर आलेला सप्लाय असेल तर त्यावर ५०० लिहिलेलं असलं तरी विश्वास ठेवू नकोस. आमच्याकडं असल्याच एका सप्लायवर गेम तापला की पीसी फाटकन बंद व्हायचा, चार दिवस मी ड्रायव्हरच तपासत बसलो होतो. ५५० वॉटचा, ८० प्लस ब्रॉन्झचा (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा) घे, आणि हे पैसे तीस हजारांतून आधी बाजूला काढ. मोलेक्सला (जुन्या चार पिनांच्या वायरीला) जोडायचा ॲडॅप्टर कुणी दिला तर परत कर.

रविवारी मोजून झालं की मला एवढं कळव: जीटीए, सायबरपंक आणि तू जो रोज खेळतोस त्या गेमचे ७२०पी चे आकडे, आणि सप्लायच्या स्टिकरवर १२ व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर लिहिलेत ते. त्यावरून तुला ६६०० पुरेल की ९०६० एक्सटी साठी अजून दोन महिने थांबावं, ते नेमकं सांगतो.