वाचक विचारतात : नाणेघाट

प्रश्न : घाटमाथ्यावरच्या घाटघर गावापर्यंत गाडीने जाऊन नाणेघाट पाहिला, अर्ध्या तासात पाहून झाला. कोकणातून चढून गेल्याने वेगळं काय मिळेल?

वरून आलं की गुहा दिसते, घाट दिसत नाही. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल जुन्नरच्या पेठेत नेणारी ही वाट सातवाहनांच्या काळापासून वापरात आहे. ती समजून घ्यायची तर खालूनच चढायला हवं. कल्याण–मुरबाड–माळशेज रस्त्यावर वैशाखरे गाव ओलांडलं की उजव्या हाताला पायवाट लागते. सुरुवातीला सपाटीचं जंगल आणि ओढे, मग चढ, आणि वरच्या टप्प्यात बांधून काढलेल्या जुन्या दगडी पायऱ्या. थांबत, बघत गेलं तर तीन तास धरावेत. सकाळी सातला सुरुवात करा, माणशी तीन लिटर पाणी घ्या आणि दुपारी दोनला उतरायला लागा. जंगलाच्या टप्प्यात ढोरवाटा फुटतात, अंधारात तिथेच चुकामूक होते.

चढताना समोरच्या कड्याकडे बघा. आडव्या पट्ट्या दिसतात, ते सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर. घट्ट थराचा उभा कडा होतो, ठिसूळ थर झिजून त्याची उतरंड होते. अशी उतरंड सापडते तिथूनच वाट पुढे सरकते. मध्ये कुठे तांबड्या मातीसारखा पट्टा दिसला तर तो दोन लाव्हांच्या मधल्या शांत काळात झिजून तयार झालेला थर समजा.

प्रश्न : गुहेत शिलालेख आहे म्हणतात, पण आम्हाला भिंतीवर नुसते ओरखडे दिसले. फोटोतही काही आलं नाही. काय चुकलं?

प्रकाशाची दिशा चुकली. समोरून टॉर्च किंवा फ्लॅश मारला की कोरीव खाचेत सावली पडत नाही आणि अक्षर सपाट होऊन जातं. फ्लॅश बंद करा. एकाने टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून, बाजूने तिरपा धरावा, दुसऱ्याने समोरून फोटो काढावा. मग टॉर्च दुसऱ्या बाजूला नेऊन तोच भाग पुन्हा टिपा. काही रेघा एका बाजूच्या उजेडात लपतात, त्या दुसऱ्या फोटोत सापडतात. अक्षरांत खडू, पीठ किंवा पाणी अजिबात भरू नका. घासल्याने कडा झिजतात आणि नंतरच्या माणसाला खडूचीच रेघ खरी वाटते.

लेख ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत आहे आणि तो डाव्या-उजव्या भिंतींवर पसरलेला आहे. काळ साधारण इ.स.पूर्व पहिलं शतक. सातवाहन राजा सातकर्णी याची राणी नागनिका हिचा हा लेख. धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि लोकपाल (दिशांचे रक्षक देव) यांना वंदन करून तो सुरू होतो. पुढे यज्ञांची आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, हत्ती, घोडे, कार्षापण (त्या काळची नाणी) यांची यादी येते. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या व्यक्तींचे पुतळे होते. आता पायांचे अवशेष तेवढे उरलेत, वर सिमुक सातवाहन, नागनिका, सातकर्णी अशी नावं आहेत.

पहिल्यांदा जाणाऱ्याने अक्षरांच्या मागे न लागता अंक शोधावेत. एकाला एक आडवी रेघ, दोनाला दोन, चाराचं चिन्ह अधिकच्या खुणेसारखं. शून्य नाही, म्हणून दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हं आहेत. हजाराच्या चिन्हाला चाराचं चिन्ह जोडलं की चार हजार. १८७० च्या दशकात पुरातत्त्व-अभ्यासक भगवानलाल इंद्रजींनी या अंकांचा अभ्यास केला. आपल्या अंकांचे इतके जुने पूर्वज इतक्या जवळून पाहायला मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे.

प्रश्न : माथ्यावरचा दगडी रांजण जकातीचाच का?

परंपरा तसं सांगते आणि व्यापारी वाटेच्या तोंडाशी ते पटण्यासारखंही आहे. पण गुहेतल्या लेखाचा जो भाग वाचता येतो तो यज्ञ आणि दानाबद्दलचा आहे. त्यामुळे जकातीचा पुरावा म्हणून तो लेख दाखवू नये.

प्रश्न : उलटा धबधबा बघायला जुलैत कोकणातून चढलं तर चालेल?

आमचं मत, नको. नैर्ऋत्येचा वारा कड्यावर आपटून वर उसळतो आणि पातळ धार माघारी फेकतो. म्हणजे धबधबा उलटा दिसतो त्या दिवशी कड्यावर वाराही तितकाच जोराचा असतो, वर धुकं आणि शेवाळ. खालचे ओढे तासाभरात चढतात आणि परतीची वाट बंद होते. त्या दिवसांत घाटघरच्या बाजूने या आणि काठापासून लांब राहा. चढाईसाठी ऑक्टोबर ते फेब्रुवारी बरा. सप्टेंबरअखेर पाऊस उघडला तर पठारावर सोनकी फुललेली मिळते.

प्रश्न : वाटेवरच्या प्राणी-पक्ष्यांची नोंद कशी ठेवावी?

वेळ, जागा (ओढा, झाडी, कडा, पठार), काय दिसलं किंवा ऐकलं, आणि ते काय करत होतं, एवढं जागेवरच लिहा. घरी येऊन आठवून लिहिलं की ओढ्याकाठचा पक्षी पठारावर जातो. ओळख पटली नाही तर नाव ठोकू नका, आकार, चोच, शेपटी लिहा. ओढ्याकाठी माणसाने शीळ घालावी तसा सूर ऐकू आला तर तो शीळकरी कस्तूर असू शकतो. कारवी दिसली तर ती फुलावर आहे का हे वर्षासह नोंदवा. ती साधारण सात वर्षांनी एकदम फुलते, म्हणून सुटी नोंदही पुढे उपयोगी पडते.

कड्याच्या कपारींत आग्या मोहोळं असतात. अत्तर लावू नका, धूर करू नका, आरडाओरडा टाळा. माश्या उठल्याच तर हात न झटकता तोंड आणि मान कापडाने झाका आणि वाटेनेच, कड्यापासून दूर, झपाट्याने निघा.