संदर्भसूचीतील नोंद पुस्तकाची, लेखाची की प्रबंधाची हे कसे ओळखावे?

संदर्भसूचीतील नुसती नोंद वाचून मूळ साधन कोणत्या प्रकारचे आहे हे कसे ओळखावे, असे आपण विचारले आहे. लिखाणाच्या शीर्षकावरून याचा उलगडा क्वचितच होतो. तो त्याच्या पुढील मजकुरावरून होतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध पाहा. मे १९१६ मध्ये तो कोलंबिया विद्यापीठातील चर्चासत्रात वाचला गेला, १९१७ मध्ये 'इंडियन अँटिक्वरी' या नियतकालिकात छापला गेला आणि १९७९ मध्ये महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या समग्र इंग्रजी लेखनाच्या पहिल्या खंडात आला. त्यामुळे याच शीर्षकापुढे नियतकालिकाचे नाव, त्याचा क्रमांक आणि पृष्ठे असतील तर नोंद लेखाची, ग्रंथनाम, संपादक, प्रकाशक आणि पृष्ठे असतील तर ग्रंथातील एका भागाची, आणि केवळ चर्चासत्र, स्थळ व तारीख असेल तर वाचलेल्या निबंधाची समजावी.

विद्यार्थ्यांचा खरा गोंधळ 'व्हॉल्यूम'पाशी होतो, कारण तो नियतकालिकालाही असतो आणि अनेक खंडांच्या ग्रंथालाही. त्याच्या जोडीला अंकाचा क्रमांक किंवा महिना असेल तर ते बहुधा नियतकालिक असते. प्रकाशकाचे नाव असेल तर बहुधा ग्रंथ. मराठी नियतकालिकांच्या नोंदींत 'वर्ष' आणि 'अंक' असे लिहिण्याची पद्धत असल्याने तिथे हा प्रश्न फारसा येत नाही.

प्रबंधाच्या नोंदीत पदवी आणि विद्यापीठ या दोहोंचा उल्लेख असतो. मात्र छापलेला प्रबंध पुस्तकासारखाच दिसतो: 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा बाबासाहेबांचा लंडन विद्यापीठाच्या डी.एस्सी.साठीचा प्रबंध, पण नोंदीत लंडनचे प्रकाशक पी. एस. किंग आणि १९२३ हे साल असेल तर तो पुस्तक म्हणूनच धरावा. दिवसासह पूर्ण तारीख बहुतेक वेळा वृत्तपत्राकडे बोट दाखवते आणि लेखकाच्या जागी संस्थेचे नाव असेल तर तो अहवाल असण्याचा संभव अधिक. शेवटी संकेतस्थळाचा पत्ता दिसला म्हणून साधनाला 'वेबसाइट' ठरवण्याची घाई मात्र करू नये, कारण आज लेख, अहवाल आणि प्रबंध या सर्वांच्याच नोंदींत तो असतो.

एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) या संदर्भ देण्याच्या पद्धतीत पुस्तकाचे शीर्षक तिरक्या अक्षरांत असते, तर लेखाचे शीर्षक साधे ठेवून नियतकालिकाचे नाव तिरके छापतात. ग्रंथालयाच्या तालिकेत शोधताना हे तिरके नावच टाकावे. सुट्या लेखांची शीर्षके तिथे सहसा नोंदलेली नसतात.