कमोड बदला, बाथरूम राहू द्या

प्रश्न : घरात दोन संडास आहेत. मागच्यातला कमोड 25 वर्षांचा आहे. बसलं की हलतो आणि टाकीतून पाणी सतत झिरपतं. यजमान म्हणतात, जुना आपणच काढू, प्लंबरची मजुरी वाचेल. मला वाटतं, काढतोच आहोत तर सगळी बाथरूमच नवी करावी. दुकानदार 12 बिनव्याजी हप्ते देतो आहे. शिल्लक चार महिन्यांच्या घरखर्चाइतकी आहे. काय करावं?

उत्तर : तुमच्या कमोडची दुखणी दोन आहेत, आणि ती एकाच बिलात घातली की हिशेब चुकतो.

टाकी झिरपते हे किरकोळ दुखणं. टाकीत खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाका, फ्लश न करता अर्धा तास थांबा. रंग भांड्यात उतरला तर बहुधा आतलं रबर गेलंय. ते बदलायला फारसा खर्च नाही. त्यासाठी कुणी कमोड काढत नाही.

हलणं मात्र गंभीर आहे. कमोड हलत राहिला की त्याच्या बुडाशी, पाइपाच्या तोंडावर असलेलं सील सुटतं. मग दर फ्लशला थोडं घाण पाणी लादीखाली मुरतं आणि कळतं तेव्हा खालचं छत ओलं झालेलं असतं. म्हणून कमोड आत्ताच काढा. खर्चाचा खरा आकडाही तो उचलल्यावरच कळेल. खालची जमीन कोरडी निघाली तर काम एका दिवसाचं, कुजलेली किंवा पोकळ निघाली तर अंदाजपत्रक बदललं. नव्या कमोडच्या आणि मजुरीच्या रकमेवर आणखी पाव रक्कम बाजूला ठेवा. लोक टाइल्सचे भाव तोंडपाठ सांगतात, पण लादीखालच्या खर्चाचा आकडा कुणाच्या वहीत नसतो.

नवा कमोड पाणी वाचवून पैसे फेडेल का? फेडेल, पण सावकाश. जुना एका फ्लशला 13 लिटर घेत असेल आणि नवा 6, तर दिवसाला 20 फ्लशमागे 140 लिटर वाचतात, म्हणजे वर्षाला सुमारे 51,000 लिटर. तुमच्या बिलातल्या हजार लिटरच्या दराला 51 ने गुणा. पाण्याला मीटर नसेल, ठरावीक पट्टी असेल, तर बिलात काहीच वाचणार नाही. हा हिशेब मागच्या संडासाच्या खऱ्या वापरावर करा, घरातल्या सगळ्या फ्लशवर नको.

यजमानांचा उत्साह मी मोडणार नाही. कॉक बंद करणं, टाकी रिकामी करणं, राडारोडा उचलणं त्यांनी जरूर करावं. पण आधी प्लंबरला विचारा, जुना काढायची मजुरी बसवण्याच्या दरातच धरलीय का. धरलेली असेल तर पैसे वाचणार नाहीत, भागेल ती फक्त हौस. भांडं सिमेंटात बसवलेलं असेल तर काढताना ते फुटतं आणि चिनीमातीची कड ब्लेडसारखी कापते. नवा बसवणं प्लंबरवरच सोपवा. आणि दुकानात जाण्याआधी भिंतीपासून पाइपाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा, नाहीतर आणलेला कमोड परत करण्याचा भुर्दंड.

तो संडास कुणी फारसा वापरतच नसेल, तर नवा न बसवता जागा कोठीला देणं सगळ्यात स्वस्त. मात्र पाण्याचा ट्रॅप, म्हणजे पाणी साठून वायू अडवणारं वळण, भांड्यातच असतो. भांडं गेलं की गटाराचा वायू थेट घरात येतो, त्यामुळे पाइपाचं तोंड पक्कं बंद करून घ्यावं लागेल. घरात वडीलधारी असतील किंवा घर विकायचा विचार असेल, तर दुसरा संडास घालवू नका.

राहिली बाथरूम. ती इच्छा आहे, गरज नाही. इच्छेत वावगं काही नाही, फक्त ती चार महिन्यांच्या शिलकीवर आणि वर्षभराच्या हप्त्यावर उभी करू नका. मी ही शिलक सहा महिन्यांची झाल्याशिवाय टाइल्स बघायलाही गेलो नसतो. कमोडचा खर्च शिलकीतून द्या, पुढच्या दोन-तीन महिन्यांत भरून काढा, मग बाथरूमसाठी वेगळी रक्कम साठवायला लागा.

बिनव्याजी हप्त्याचा मोह होतच असेल, तर दुकानदाराकडून त्याच सामानाचा रोखीचा भाव लेखी मागा. प्रक्रिया शुल्क आणि हातची गेलेली रोख सूट यांची बेरीज करा. तेच तुमचं व्याज, फक्त नाव बदललेलं.