जुन्या पिकअपचे हलणारे आरसे

प्रश्न : आजोबांनी घेतलेली १९६८ची महिंद्रा एफसी-१५० पिकअप आम्ही पुन्हा चालती केली आहे. इंजिन झालं, ब्रेक झाले, आरसे तेवढे छळतात. दोन्ही बाजूंना मूळचेच आहेत : लांब लोखंडी दांडा, टोकाला गोल आरसा. गाडी चालू केली की आरशात नुसती थरथर दिसते आणि वेग घेतला की आरसा हळूहळू मान टाकतो. मेकॅनिकने पाना मारून घट्ट केले, पण चार दिवसांत पुन्हा तेच. तो म्हणतो, वेल्डिंग मारू, नाहीतर नवे प्लास्टिकचे लावू. काय करावं?
— एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : वेल्डिंगची मशीन आधी बाहेर न्यायला सांगा. आरसा कशाला धडकला तर दुमडला पाहिजे, म्हणून तर त्याला सांधे दिलेत. सांधा वेल्ड केला की पहिल्याच धक्क्याला दांडा वाकेल, नाहीतर पत्रा फाटेल. एम-सीलचंही तेच. आमच्या उद्यमनगरात अशी एम-सीलने लिंपलेली कामं येतात, तेव्हा दुरुस्तीपेक्षा खरवडण्यातच जास्त वेळ जातो.

थरथर आणि मान टाकणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. तुमच्या गाडीत ड्रायव्हर पुढच्या चाकांवर बसतो आणि इंजिन दोन सीटांच्या मधे असतं, म्हणजे इंजिनाचा हादरा थेट केबिनच्या पत्र्यात उतरतो. लांब दांडा तो हादरा आणखी वाढवतो. त्यामुळे थोडी थरथर राहणारच. पण काहीच दिसत नसेल तर दांड्याचा पाय ढिला आहे. मान टाकतो तो मात्र टोकाचा गोळा, म्हणजे आरसा ज्यावर फिरतो तो सांधा.

खात्री करायला एकाला आरसा धरून हलवायला सांगा. तुम्ही प्रत्येक जोडावर बोट असं ठेवा, की अर्धं या भागावर आणि अर्धं त्या भागावर टेकेल. जिथे बोटाखाली दोन भाग वेगवेगळे सरकतात, दोष तिथे. पाय, बिजागरी, गोळा या क्रमाने जा.

पायाचे स्क्रू पत्र्यात फिरत असतील तर जाडा स्क्रू ठोकू नका, भोक आणखी मोठं होईल. आतून हात जात असेल तर ३ मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी घ्या, तिला भोकांच्या मापाने आटे पाडा आणि पत्र्याच्या मागे बसवा. म्हणजे ओढ सगळ्या पट्टीवर वाटली जाते. हात जात नसेल तर रिव्हनट, म्हणजे बाहेरूनच रिव्हेटसारखा पत्र्यात बसणारा नट. भोकाच्या कडेचा गंज घासून प्रायमर लावा. पायाखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा पुरे. पत्र्याला ओरखडा नको म्हणून काहीजण जाड मऊ रबर घालतात, मग आरसा त्या रबरावरच डुलतो.

बोल्ट बदलताना सांभाळा. ही मूळची विलीज या अमेरिकन कंपनीची गाडी, माप इंचातलं. अडीच सुती, म्हणजे ५/१६ इंची बोल्ट ७.९४ मिलिमीटरचा असतो. शेजारी ८ मिलिमीटरचा ठेवला तर डोळ्यांना फरक कळत नाही, पण आटे जुळत नाहीत. दोन आटे जाऊन अडला की पोरं पान्याला पाईप लावतात आणि मूळ नटाचे आटे जातात. बोल्ट बोटांनी शेवटपर्यंत फिरला तरच तो त्या नटाचा.

बिजागरीचा स्प्रिंग वायसर चपटा झाला असेल तर बदला. काम फार नाही.

आता गोळा. दोन वाट्या आणि मधे गोळा, वाट्यांना आवळणारा स्क्रू. वर्षानुवर्षं घासून वाट्या खोल होतात आणि एक दिवस त्यांच्या कडा एकमेकींना टेकतात. मग पाना कितीही ओढा, वाट्या आपसांतच आवळतात, गोळा मोकळाच. तुमच्या मेकॅनिकचं हेच झालं असणार. वाट्या उघडा, कडा कानशीने अर्धा मिलिमीटर उतरवा. आवळल्यावर दोन कडांमधे बारीक फट दिसलीच पाहिजे. गोळा बारीक पॉलिश पेपरने साफ करा, तेल-ग्रीस अजिबात नको. ही घर्षणाची जागा आहे. तरीही पकडत नसेल तर पातळ पितळी पत्र्याची पट्टी वाटीत बसवा. गोळाच लांबट झाला असेल तर लेथवाल्याकडून नवा करून घ्या.

शेवटी स्क्रूच्या आट्यांवर निळ्या लॉकटाइटचा (आटे ढिले होऊ न देणाऱ्या डिंकाचा) एक थेंब, आणि एक रात्र गाडी उभी. लाल घेऊ नका, तो सोडवायला जवळजवळ २५० अंश उष्णता लागते आणि मग रंगही जातो.

प्रश्न : मूळ आरशाची काच कडेने काळी पडली आहे. काय करावं?
— एक वाचक, सांगली

उत्तर : मागच्या मुलाम्यात पाणी शिरलंय. काचेभोवतीचं कडं जपून ठेवा, काच बदला. काचवाला ३ मिलिमीटरची गोल आरशाची काच कापून देतो. कापलेल्या कडेला नेलपॉलिशचे दोन हात द्या, पाणी पुन्हा शिरणार नाही. मागे चिकटपट्टीचा थर द्या, म्हणजे फुटली तर तुकडे उडणार नाहीत. काही जण फुगीर काच बसवतात. तिच्यात जास्त रस्ता दिसतो, पण मागची गाडी आहे त्यापेक्षा लांब वाटते. सवय नसेल तर सपाटच बरी.

प्रश्न : आरशाचे बोल्ट बदलले, तर विंटेज नोंदणी अडेल का?
— एक वाचक, कराड

उत्तर : नाही. जुलै २०२१च्या नियमांनुसार गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी, खासगी वापरातली हवी आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नसावा. बोल्ट-वायसर त्यात येत नाहीत. पहिल्या नोंदणीची फी २०,००० रुपये, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. पण ही नोंदणी झाली की गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. पिकअपमधून रोज दुधाचे कॅन न्यायचे असतील तर त्या वाटेला जाऊ नका.