पिल्लू टोच मारून थांबलंय, अंडं फोडू का?

प्रश्न: घरच्या छोट्या इन्क्युबेटरमध्ये बदकाची अंडी ठेवलीत, आज 27वा दिवस. काल संध्याकाळी एका अंड्याला बारीक तडा गेला, आतून चिवचिव पण ऐकू येतेय, पण रात्र गेली तरी पिल्लू बाहेर नाही. मागच्या वेळी पूर्ण वाढलेली पिल्लं कवचातच मेली होती, म्हणून जीव वरखाली होतोय. हाताने सोडवू का?

उत्तर: नका हो, अजिबात नका, आणि सारखं झाकण उघडून बघणं आधी थांबवा. पिल्लू अडकलेलं नाहीये, त्याचं आत काम चालू आहे. आधी ते अंड्याच्या बोथट टोकाकडच्या हवेच्या पोकळीत चोच घालतं, तिथे श्वास घ्यायला लागतं, मग कवचाला टोच मारतं आणि मग बराच वेळ गप्प बसतं, कारण कवचाच्या आतल्या पापुद्र्यातलं रक्त आणि उरलेला बलक त्याला अजून अंगात ओढून घ्यायचा असतो. बदकात या सगळ्याला 24 ते 48 तास सहज लागतात. त्याआधी कवच सोललं तर रक्तस्राव होतो, बलक पोटाबाहेर राहतो आणि धडधाकट पिल्लू हातचं जातं.

48 तास उलटूनही तडा तेवढाच असेल आणि पापुद्रा पिवळट, कोरडा, कडक दिसत असेल तरच हात लावा. कापसाच्या काडीने कोमट पाणी पापुद्र्याला लावायचं, चोचीच्या भोकात थेंबही जाता कामा नये, मग कडेचं कवच अगदी थोडं काढायचं. लाल शीर दिसली की तिथेच थांबा, अंडं परत आत ठेवा आणि काही तास जाऊ द्या.

आता मागच्या वेळचं. मला वाटतं गडबड पाण्याच्या हिशोबात झाली असावी, कारण तापमान 37.5 अंशाला धरून ठेवणारे बरेच जण इन्क्युबेटरच्या हवेतल्या ओलाव्याकडे बघतच नाहीत. पहिले 25 दिवस ओलावा साधारण 55 टक्के लागतो आणि तोवर अंड्याचं वजन 13-14 टक्के कमी व्हायला हवं, म्हणजे 80 ग्रॅमचं अंडं 69 च्या आसपास यायला पाहिजे. ओलावा जास्त राहिला तर हवेची पोकळी लहान राहते, पिल्लू सुजल्यासारखं होतं आणि त्याला आत वळायला जागाच मिळत नाही. याउलट 25व्या दिवसानंतर अंडी फिरवणं बंद करून ओलावा 70 च्या वर न्यायचा असतो, तेव्हा झाकण उघडलं की पापुद्रा आकसून पिल्लाला आवळून टाकतो. मेलेलं पिल्लू ओलं-पाणावलेलं होतं की पापुद्र्यात चिकटलेलं, ते आठवून बघा, त्यावरून कुठे चुकलं ते कळेल. पुढच्या खेपेला दर आठवड्याला टॉर्च लावून पोकळीची कड पेन्सिलने कवचावर आखत जा, ओलावा मोजायच्या मीटरपेक्षा माझा त्या रेघांवर जास्त भरवसा आहे.

प्रश्न: माझ्या मस्कोव्ही बदकाच्या अंड्यांना 30 दिवस झाले, काहीच हालचाल नाही. टाकून देऊ?

उत्तर: टाकू नका! मस्कोव्हीला 35 दिवस लागतात, 28 दिवसांचा हिशोब बाकीच्या बदकांचा. फक्त वास येणारं किंवा पाझरणारं अंडं लगेच बाहेर काढा, ते आत फुटलं तर घाण बाकीच्या अंड्यांनाही लागते.