बोअर नको, विहीर भरा. पण गाळून भरा

प्रश्न : आटपाडी भागात माणगंगेजवळ दीड एकर डाळिंब आहे. 45 फुटी विहीर फेब्रुवारीतच तळ गाठते. बोअरचा एजंट 700 फूट घ्या म्हणतो. शेजाऱ्याने ओढा सरळ विहिरीत वळवलाय. काय करावं?

उत्तर : 700 फुटांचा नाद सोडा. आपल्याकडे पाणी साठतं ते मुरमात आणि त्याखालच्या भेगाळ खडकात, म्हणजे बहुधा तुमच्या विहिरीच्याच खोलीत. खालच्या काळ्या पाषाणात फट लागली तर लागली, आणि तीही वरच्याच पाण्यावर भरते. एजंटला पैसे फुटावर मिळतात, पाण्यावर नाही. शिवाय भूजल कायदा 60 मीटरपुढची विहीर 'खोल विहीर' धरतो. नियम भूजल सर्वेक्षण कार्यालयात विचारा, एजंटला नको.

शेजाऱ्यासारखं तर मुळीच करू नका. गढूळ पाणी थेट गेलं की गाळ झऱ्यांची तोंडं बुजवतो. पहिल्या वर्षी विहीर भरलेली दिसते, पुढे पाझर मंदावतो.

विहिरीपासून 2-3 मीटरवर 2 मीटर लांब, रुंद, खोल गाळणखड्डा घ्या. तळाला मोठे दगड, मग खडी, वर जाड वाळू, प्रत्येकी दीड-दोन फूट. वरचा भाग रिकामा. त्याआधी गाळ बसायला दीड मीटर लांब, एक मीटर रुंद-खोल छोटा खड्डा. गाळणखड्ड्याच्या तळातून विहिरीत 6 इंची पाइप, खड्ड्यातल्या तोंडाला जाळी. विहिरीत तो फूट-दीड फूट पुढे काढा, नाहीतर धार बांधकाम पोखरते. पाइपवाला म्हणेल, वाळू कशाला, नुसती जाळी बास. बास नाही! जाळीने पाचोळा अडतो, गाळ नाही.

एका एकरावर 25 मिमी पाऊस म्हणजे 1 लाख लिटर. सगळं विहिरीत येणार नाही, पण शेताचं पाणी खड्ड्याकडे वळवाच. काम मेअखेर संपवा. पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडा, फवारणीनंतरचंही. ऑगस्टअखेर वरची वाळू काढून धुवा. आपला खरा पाऊस सप्टेंबरचा, आणि नेमका तेव्हाच खड्डा तुंबलेला असतो.

विहीर उपसून शेततळं भरत असाल तर बंद करा. उन्हाळ्यात रोज 8 मिमी उडालं तरी 30 बाय 30 मीटरच्या तळ्यातून 7,200 लिटर जातात. विहिरीतलं पाणी विहिरीतच राहू द्या.

ठिबकच्या अनुदानाचा अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर. पूर्वसंमती येण्याआधी खरेदी नको, दुकानदार काहीही म्हणो.