हळद लावली म्हणजे मुरली असं नाही

प्रश्न : माझा सांगलीत हळदीचा व्यापार आहे. मुलगी दोनदा नीट देऊनही एमबीबीएसला लागली नाही, म्हणून बी. फार्मला घातली. आता शेवटच्या वर्षाला आहे. हळदीतल्या कर्क्युमिन या पिवळ्या घटकाच्या नॅनो-जेलचा प्रोजेक्ट करते, रात्री आठपर्यंत लॅबमध्ये असते, पुढे त्यातच एम. फार्म करायचं म्हणते. हळद काय, आमची आजीही लावायची! तिला मेडिकल काढून द्यावं की तिसऱ्यांदा नीटला बसवावं?

उत्तर : पत्रात तिच्या मार्कांबद्दल एक ओळ नाही. आहे ते ‘म्हणून घातली’. हा ‘म्हणून’ ती चार वर्षं घरात ऐकत असणार, आणि मला काळजी वाटते ती त्याची. तरीही ती रात्री आठपर्यंत लॅबमध्ये थांबते. नीट तिनं मागितलेली नाही. तो विषय घरात पुन्हा काढू नका.

आता आजीची हळद. बोटांवरचा पिवळा डाग लवकर जात नाही, त्यामुळे ती आत मुरली असं वाटतं. डाग असतो त्वचेच्या सगळ्यात वरच्या मृत थरात. हा थर बहुतेक ठिकाणी जेमतेम १० ते २० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), पण रचना भिंतीसारखी : पेशींच्या विटा, मध्ये चरबीचा चुना. औषधाला जिथे पोचायचं ती सूज असते त्याच्या खाली. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, उजेडात खराब होतं, मग पलीकडे जाणार कसं? म्हणून ते स्निग्ध पदार्थाच्या, साधारण २०० नॅनोमीटरहून लहान कणांत भरतात. हे कण सुईसारखे आत घुसतात असं समजू नका. बहुतेक वरच किंवा केसांच्या मुळाशी थांबतात आणि तिथून औषध सोडतात.

किती पलीकडे गेलं हे बहुधा ती फ्रांझ सेल नावाच्या उपकरणावर मोजत असेल. वर जेल, मध्ये पडदा, खाली बफर, म्हणजे ठरावीक आम्लतेचं द्रावण. ठरल्या वेळी खालून एक मिली काढायचं, तेवढंच ताजं घालायचं. पडद्याखाली हवेचा बुडबुडा अडकला की दिवसभराचे आकडे वाया. तिला उशीर होतो तो यामुळे.

जीपॅट ही एम. फार्मची देशपातळीवरची परीक्षा आणि नायपर या केंद्रीय औषधशिक्षण संस्थांची प्रवेशपरीक्षा, दोन्ही द्याव्यात; शाखा फार्मास्युटिक्स, म्हणजे औषधाला गोळी, मलम असं रूप देण्याचं शास्त्र. मेडिकल काय, फार्मासिस्ट म्हणून नोंदणी झाली की पुढे कधीही काढता येईल. लॅबमधली बहुतेक जेल बाजारापर्यंत पोचत नाहीत, हेही तिला माहीत असू द्या. क्रीम-मलमांच्या कंपन्यांत फॉर्म्युलेशनचं काम मात्र असतं.

सौद्यात तुम्ही मालातला कर्क्युमिनचा टक्का विचारत असालच. आज जेवताना तिला विचारा, त्यातलं किती टक्के पलीकडे गेलं?